मी साफ केलेलं रान

इलेक्ट्रॉनिक सिटी, बंगळूर
२२ फेब्रुवारी

चि. कस्तुरी,

हे पाकीट तू न उघडता परत पाठवशील असं तुझा प्रणीतदादा म्हणतो. मी म्हटलं, परत पाठवायला तरी तिला ते हातात घ्यावं लागेल. तुझ्या फोनवर माझा नंबर लागत नाही, तेव्हा कागदाशिवाय इलाज नाही, आणि छत्तीस वर्षं कृषी खात्यात काढलेल्या माणसाला कागद काही नवा नाही. तुझे शेजारी कल्लाप्पा दर शनिवारी चंदापूरच्या बाजारात येतात. तिथपर्यंत बसने जाऊन मी पत्र त्यांच्या हाती देणार आहे. पुढचं तू बघ.

आधी माझी बाजू सांगतो. ती लंगडी आहे हे मला माहीत आहे.

तू दहा दिवस शिरसीला बियाण्यांच्या मेळाव्याला गेलीस आणि जाताना तुझ्या आनेकलजवळच्या दोन एकरांची किल्ली माझ्या हातात ठेवलीस. पाच वर्षांत पहिल्यांदा. चांगली नोकरी सोडून तू रान लावायला निघालीस तेव्हा मी नागपूरहून फोनवर जे जे बोललो, त्यातला एक शब्द तू विसरलेली नव्हतीस, तरी दिलीस. म्हणालीस, "बाबा, फक्त राहा. रोपांना पाणी घाला. बाकी काही करू नका."

'काही करू नका' हे सरकारी माणसाच्या कानातून आत जात नाही, असं गौरी म्हणते. तुझी वहिनी हल्ली मला टोमणा मारायची एक संधी सोडत नाही, आणि मीही ऐकून घेतो.

मला तिथे काय दिसलं ते सांगू? घोट्यापर्यंत पाचोळा. वाटेत आडवे पडलेले, कुजत चाललेले ओंडके. हळदीत रताळी, रताळ्यात माठ, माठात कुठलंतरी रोपटं, आणि एकही ओळ सरळ नाही. माझी लेक एकटी आहे, तिला एवढा पसारा आवरत नाही, असं मला वाटलं. मनापासून वाटलं. मग मी दुसऱ्या दिवशी सकाळी दाताळं हातात घेतलं. सात ढीग लावले आणि पेटवले. ओंडके बाहेर फेकले. कोयत्याने खालचं सगळं कापून काढलं. शेवटच्या दोन दिवसांत फाटकापासून तुझ्या खोलीपर्यंत दगड मांडून त्यांना चुना मारला, आणि झाडांच्या बुंध्यांना कमरेइतका चुना लावून वर गेरूचा पट्टा ओढला. मंत्री येणार असले की आम्ही सरकारी रोपवाटिकेत हेच करत असू. इथे तू येणार होतीस.

तू फाटकात उभी राहिलीस. पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवली नाहीस. मी शहाण्यासारखा हसत पुढे आलो, की आता शाबासकी मिळणार. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही जा." तुझा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. तू लहानपणी चिडलीस की भांडी आपटायचीस.

साफसफाई जरा जास्तच झाली हे कबूल. पण साफसफाईच झाली. त्यामागे वाईट हेतू नव्हता, एवढं तरी मान.

तुझा,
बाबा


५ मार्च

चि. कस्तुरी,

तू पत्र उघडलंस हे कल्लाप्पांकडून कळलं. फाडलं नाहीस म्हणे. जीव भांड्यात पडला.

सोमवारी फाटकाबाहेर अकरा गोण्या आल्या असतील. त्या मी पाठवल्या. झालं असं की आमच्या सोसायटीत सध्या होंगेची पानं गळताहेत, आपल्याकडचा करंज. माळी रोज सकाळी ढीग करतो आणि कचऱ्याच्या गाडीत टाकतो. मी तुझ्याकडे जाळलेला पाचोळा आठवला आणि मला ते बघवेना. म्हटलं, हे मला दे. तो हसला. सेक्रेटरी मात्र हसले नाहीत. "अंकल, ये सब पार्किंग में नहीं रख सकते." मग मी गोण्या प्रणीतच्या बाल्कनीत ठेवल्या. आता तिथे कपडे वाळत घालायला जागा नाही आणि गौरीने माझं नाव 'कचरा अधिकारी' ठेवलं आहे. पण एक सांगतो, प्रत्येक गोणी मी जमिनीवर ओतून हाताने तपासली आहे. चिप्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, एक मोजासुद्धा निघाला. सगळं काढलं आहे. तू विश्वास ठेवणार नाहीस, तेव्हा स्वतः तपासून घे.

आणखी एक कबुली. परवा मी कल्लाप्पांच्या तुतीच्या शेतात येऊन बसलो होतो. त्यांच्या बांधावरून तुझी उत्तरेकडची अख्खी हद्द दिसते. तुझ्या हद्दीत पाऊल ठेवलेलं नाही, त्यांना विचार. हा निपाणीकडचा माणूस, तीस वर्षं इथे रेशमाच्या किड्यांना पाला घालतो आहे, पण मराठी अजून तिकडचंच. मला म्हणाले, "सायब, अक्कांनी जमिनीला पांघरूण घातलं हुतं. उन्हाळ्याच्या तोंडावर तुम्ही ते काढून घेतलासा." मग म्हणाले, "आणि माझा पंप नेलासा पाठीवरचा, तो तरी कशाला?" मी म्हटलं, रोपांना पाणी घालायला. ते 'सरी', म्हणजे कन्नडमधलं 'बरं', म्हणाले आणि तुती तोडायला गेले.

बसल्या जागी मला एक गोष्ट कळली. पश्चिमेचा पाऊण एकर माझ्या तडाख्यातून सुटला, कारण दिवस संपले. म्हणजे एकाच जमिनीचे दोन तुकडे, एकच पाणी, एकच ऊन, आणि मध्ये फरक फक्त माझा. असला प्रयोग खात्यात मांडायला आम्हाला तीन मंजुऱ्या लागल्या असत्या. दुपारी बारा वाजता पूर्वेकडची माती पांढरी पडली होती आणि तिच्यावरून कुत्रंसुद्धा पळत गेलं. पश्चिमेकडे एक कोंबडी पाचोळा उकरत होती आणि तिच्या पायाखालची माती काळी, ओली दिसत होती. तिथे तू आठवडाभर पाणी दिलेलं नाहीस असं कल्लाप्पा म्हणाले.

मी एक तास तिकडेच बघत होतो.

बाबा


१५ मार्च

चि. कस्तुरी,

गोण्या आत गेल्या. दहा-अकरा दिवस बाहेर पडल्या होत्या आणि मी रोज कल्लाप्पांना फोन करून त्यांचा जीव खात होतो. काल ते म्हणाले, "अक्कांनी गोण्या आत घेतल्या सायब, आता स्वल्प दम खावा." त्यांचे आभार मान. माझे मानायची गरज नाही.

मी आता आठवड्यातून तीन वेळा येतो. इथून बस, चंदापूरला दुसरी, आनेकलहून शेअर रिक्षा. कंडक्टर ओळखायला लागला आहे. सोबत वही असते, पण लिहितो कमीच. आज मात्र तुला लिहायचंच आहे, कारण मी तुझ्याबद्दल आजवर जे काही लिहिलं-बोललो त्यात एकही चांगलं वाक्य नव्हतं, आणि ते बरोबर नाही.

फणसापासून सुरू करतो. तुझा पश्चिमेचा मोठा फणस. त्याच्या अंगाखांद्यावर मिरी चढली आहे. त्याच्या सावलीच्या कडेला, जिथे सकाळचं ऊन येतं पण दुपारचं येत नाही, तिथे बटर फ्रूट, म्हणजे ॲव्होकाडो, आहे. त्याखाली कढीपत्ता. कढीपत्त्याच्या पायाशी हळद, हळदीच्या मधून रताळ्याचे वेल जमिनीला झाकत गेलेले, आणि या सगळ्याच्या पोटात सुरण, जो मला दिसतही नव्हता. मी पहिल्या दिवशी याला पसारा म्हणालो होतो. कस्तुरी, त्या एका फणसाखाली मी सहा मजले मोजले, आणि प्रत्येक मजल्याला त्याच्या वाटचं ऊन मिळतंय. हे तू कागदावर मांडलंस की उभी राहून बघत बघत केलंस? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

गिरिपुष्पाचं तर मला हसू आलं, स्वतःचंच. वर्षातून तीनदा तू त्याच्या फांद्या छाटतेस आणि तिथेच टाकतेस. मला वाटायचं, पोरगी छाटते पण उचलत नाही, आळशी आहे. आता कळतंय, ते झाड तू छाटून टाकण्यासाठीच लावलं आहेस. झाडाला झाडच खायला घालतेस.

आणि पूर्वेच्या पपया. चाळीस आहेत ना? मी विचार करत होतो, एवढ्या पपया कशाला, ही काही बागायतदार नाही. मग त्यांच्या मधली बटर फ्रूटची आणि फणसाची गुडघ्याएवढी रोपं दिसली. पपया त्यांच्यावर छत्री धरून उभ्या आहेत. तीन-चार वर्षं फळं देतील, तोवर खालची पोरं मोठी होतील, आणि मग पपया जातील. जाणाऱ्याची जागासुद्धा तू आधीच ठरवून ठेवली आहेस. माझ्या खात्यात एवढ्या लांबचा विचार करणारा अधिकारी मी पाहिला नाही. मी स्वतः तर नक्कीच नव्हतो.

छत्तीस वर्षं मी शेतकऱ्यांना सांगितलं ते सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही, तेवढं मोठं मन माझं नाही. पण मी पाहणी करायचो. पाहणी पंधरा मिनिटांची असते आणि जीप चालू ठेवलेली असते. स्वच्छ बांधांसाठी मला एकदा जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं, ते अजून नागपूरच्या घरात भिंतीवर आहे. एका जागी बसून एका झाडाकडे मी पहिल्यांदा बघतो आहे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, दुसऱ्याच्या बांधावरून.

मला तुझा फार अभिमान वाटतो. हे पाच वर्षांपूर्वी वाटायला हवं होतं.

आज गौरीकडे तुझी भाजीची टोपली आली. माठ, शेवगा, दोन लिंबं. तू आमच्याच सोसायटीत सात घरांना टोपली देतेस हे मला माहीत नव्हतं. टोपलीवर तुझ्या हातची चिठ्ठी असते, 'या जमिनीत पाच वर्षांत औषधाचा एक थेंब पडलेला नाही.' माठ कुठल्या बाजूचा आहे? पश्चिमेकडचाच असेल ना? सहज विचारतो. तिकडचा जास्त कोवळा दिसतो.

बाबा


२० मार्च

चि. कस्तुरी,

कल्लाप्पांनी काल मला पपयांचे फोटो पाठवले. "सायब, तुम्ही शेतीचं सायब, बघा की काय रोग हाय." तू सांगितलं नव्हतंस, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

वरची पानं दोरीसारखी बारीक झालेली, देठ पिळवटलेले, शेंडा वाकडा. तुझ्या ओळखीच्या कुणीतरी फोटो बघून व्हायरस सांगितला म्हणे, आणि माव्याची कीड तो पसरवते, म्हणून सोमवारी सगळ्या चाळीस पपया उपटून जाळायच्या असं तू ठरवलं आहेस. तोच व्हायरस भोपळ्यातही राहतो म्हणून ते वेलही काढणार आहेस. तू गेले पंधरा दिवस जेवत नाहीस असंही ते म्हणाले. पुढचं मात्र त्यांनी फोनवर तीनदा सांगितलं: "अक्का म्हणत्यात, माझंच कुठंतरी चुकलं. एवढं एका जागी दाटीनं लावायला नको हुतं. हे असलं रान इथं हुत नाही वाटतं."

मला वाटतं हा व्हायरस नाही. घाई करू नकोस. उन्हाने, पाचोळा गेल्याने असं होऊ शकतं. महिनाभर थांब, नवीन पानं चांगली येतील. पपया गेल्या तर खालची बटर फ्रूट एप्रिलच्या उन्हात उघडी पडतील आणि पाच वर्षांचं सगळं मांडणं मोडेल. माझा अनुभव सांगतो आहे म्हणून तरी ऐक.

बाबा


आनेकल बस स्टँड
२४ मार्च, सकाळी सव्वासात

कस्तुरी,

अक्षर वाकडं येतं आहे, मांडीवर वही ठेवून लिहितो आहे. समोर कॉफी आहे, ती निवली. पहिली बस पकडून आलो कारण आज सोमवार.

काल तुझा निरोप मिळाला. कल्लाप्पांनी तो तुझ्याच शब्दांत सांगितला. "बाबांना म्हणावं, ऊन पूर्वेच्या सगळ्याच झाडांना आहे आणि पाचोळाही सगळ्यांखालचा गेला, मग पपयाच का वाकड्या झाल्या? ज्या मताला कारण नाही ते मत मला नको."

कारण आहे. मला ते फोटो पाहिला त्याच क्षणी कळलं होतं. खरं म्हणजे फोटोच्या आधीपासूनच मला ती शंका होती.

मी तणनाशक फवारलं.

पाच फेब्रुवारीला. तुझ्या पूर्वेच्या बांधावर कमरेएवढं गाजर गवत होतं. मला त्या गवताचा भयंकर राग आहे, तुला माहीत आहे; त्याच्या निर्मूलनाच्या मोहिमेत माझी पाच वर्षं गेली आहेत. उपटून कंबर मोडली, तेव्हा आनेकलला जाऊन बाटली आणली. दुकानदार कन्नडमधून बरंच काही विचारत होता. मी 'सरी, सरी' म्हणत बाटली घेऊन आलो. कल्लाप्पांचा पंप मागून नेला, कशाला ते सांगितलं नाही. नंतर त्यांना सांगितलं, पाणी घालायला, आणि तुलाही तेच लिहिलं. दोघांना एकच खोटं कारण दिलं.

सकाळी अकरा वाजता फवारलं. मी स्वतः शेकडो सभांमधून सांगितलं आहे की वारा पडलेला असताना, भल्या सकाळी, नोझल खाली धरून फवारा. त्या दिवशी वारा होता, आणि इथे या दिवसांत तो पूर्वेकडून येतो. म्हणजे बांधावरून सरळ तुझ्या पपयांवर. मला अंगावर वारा जाणवत होता. मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय. तीन पंप मारले.

दुसऱ्या दिवशी गवताने माना टाकल्या. तेव्हा मी ते सगळं कापून जाळलं. नीटनेटकं दिसावं म्हणून नव्हे. तू सातला परत येणार होतीस आणि मला ते तुला दिसू द्यायचं नव्हतं. म्हणजे मी काय केलं ते मला तेव्हाच कळत होतं. 'साफसफाईच झाली' असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते लिहिताना शाई वाळेपर्यंत मी त्या वाक्याकडे बघत बसलो होतो.

आता पपयांचं ऐक, हे महत्त्वाचं आहे. उपटू नकोस. पहिली रांग सगळ्यात वाकडी असेल, दुसरी कमी, तिसरी-चौथीत एखाद-दुसरं पान. व्हायरस असा शिस्तीत रांगेने आत येत नाही, वारा येतो. पानांवर पिवळे-हिरवे ठिपके नसतील, देठावर तेलकट रेघा नसतील, फळांवर गोल कडी नसतील. पुढच्या महिन्या-दीड महिन्यात शेंड्याला नवीन सरळ पान येईल. आलं नाही तर मला वाटेल ते बोल. जी झाडं पहिल्या रांगेत शेंड्यातून सुकली असतील ती जातील, ती वाचणार नाहीत.

त्या रांगांमधला माठ, शेवगा आणि पपया लोकांना देणं बंद कर. आता त्यात काही उरलं नसेल असं माझं ज्ञान सांगतं, पण या बाबतीत तू माझ्या ज्ञानावर का म्हणून भरवसा ठेवावास? गौरीकडे टोपली आली त्या दिवशी मी जेवलो नाही. प्रणीतच्या मुलांना मात्र ती भाजी खाऊ दिली.

तू टोपलीत जी चिठ्ठी घालतेस तिच्यावरचं वाक्य पाच फेब्रुवारीपासून खोटं आहे. तू ते खरं समजून लिहीत होतीस आणि मी वाचत होतो. मला सगळ्यात जास्त लाज याची वाटते. त्या कोपऱ्यात तुझं काहीही चुकलेलं नाही. दाटी चुकलेली नाही, जागा चुकलेली नाही, झाडं चुकलेली नाहीत. तुझं रान होतं. माझ्यामुळे वाकडं झालं आहे, आणि तू ते स्वतःच्या माथी मारून घेऊन रोज उपाशी झोपत होतीस, आणि मी इकडे पानांच्या गोण्या पाठवून स्वतःला बरं वाटून घेत होतो.

इतक्या दिवसांत का सांगितलं नाही? तू मला गोण्यांपर्यंत येऊ दिलंस. पुढच्या महिन्यात कदाचित फाटकापर्यंत येऊ देशील असं वाटायला लागलं होतं. हे सांगितलं की ते संपणार. एवढंच कारण आहे, आणि ते फार लहान आहे.

हे पत्र मी कल्लाप्पांच्या हाती देतो, त्यांना धावत जायला सांगतो, आणि त्यांच्या बांधावर बसतो. तू जा म्हणालीस तर दहाच्या बसने जाईन आणि पुन्हा या बाजूला येणार नाही.

बाबा


(त्याच पत्राच्या पाठीमागे)

बाबा,

दुसरा कागद शोधत बसले नाही, म्हणून इथेच लिहितेय. हात मातीचे आहेत, डाग पडतील.

कल्लाप्पाअण्णा आले तेव्हा तीन उपटून झाल्या होत्या आणि चौथीला मी हात घातला होता. तिसरीला फुलं होती. त्या तिन्ही पहिल्या रांगेतल्याच होत्या, तेव्हा तुमच्या म्हणण्याप्रमाणे बहुतेक गेल्याच असत्या. बहुतेक. हे आता मला कधीच कळणार नाही.

मी सगळ्या रांगा फिरून आले. तुम्ही लिहिलंय तसंच आहे. पहिलीत सगळ्यात जास्त, मग कमी, पाचवीत काहीच नाही. ठिपके नाहीत. रेघा नाहीत. मी त्या झाडांसमोर पंधरा दिवस रोज उभी होते आणि मला हे दिसलं नाही.

साफसफाईचा राग तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हाच निम्मा गेला होता. चुना मारलेल्या दगडांचं मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती अर्धा तास हसत होती, मग मीही हसले. पंधरा तारखेचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगणार नाही. हा राग वेगळा आहे. सत्तेचाळीस दिवस तुम्हाला माहीत होतं आणि मी माती चाळत बसले होते, की कुठे चुकलं. मी हे रान सोडून पुन्हा नोकरी बघायला लागले होते, बाबा. परवा एका कंपनीत बोलणंही झालं. तुमच्या गप्प बसण्याने मी इथून जाणार होते, ही गोष्ट तुम्हाला कळायला हवी. हा राग लवकर जाणार नाही, त्याची वाट बघू नका.

आज संध्याकाळी मी सगळ्या टोपलीवाल्या घरांना कळवणार आहे. काय फवारलं, कधी, कुठे, सगळं. कुणी टोपली बंद केली तर केली. कुणी फवारलं विचारलं तर तुमचं नाव सांगणार आहे, आणि माझे वडील आहेत हेही. तुम्ही गौरीवहिनीच्या सोसायटीत राहता, लिफ्टमध्ये लोक भेटतील. तयारी ठेवा.

फणसाचं विचारलं होतंत. कागदावर काही नव्हतं. पहिलं वर्षभर मी रोज तीन वेळा तिथे जाऊन सावली कुठे पडते ते बघत होते आणि काठ्या रोवत होते. कल्लाप्पाअण्णांना वाटायचं मी वेडी आहे.

आता कामाचं. पाच वर्षं मी पपई लावतेय आणि मला रोगाचं पान आणि औषधाचं पान यातला फरक ओळखता आला नाही. आजूबाजूला सगळीकडे फवारणी होते. उद्या शेजारून वारा आला तर मी पुन्हा झाडं उपटत बसेन. तो फरक मला कुणीतरी झाडापाशी उभं राहून दाखवायला हवा, फोटोवर ते जमत नाही. तुम्हाला ते येतं. कल्लाप्पाअण्णा म्हणताहेत की तुम्ही सकाळपासून उन्हात बसला आहात आणि पाणीही घेत नाही.

आत या. कुठल्याही झाडाला हात लावायचा नाही, पडलेलं पानसुद्धा उचलायचं नाही. फक्त चष्मा आणा.

कस्तुरी